बीडच्या विहिरी आणि बंगालचा उपसागर

बीड शहराबाहेर काही किलोमीटरवर, सोलापूर-धुळे महामार्गाजवळ, खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, निझामशाहीच्या काळात, सलाबतखानाने ती बांधून घेतली. विहिरीला दगडी भुयारी वाटा आहेत. काही वाटांनी पाणी आत येते आणि एका वाटेने ते बाहेर पडून खालच्या अंगाच्या शेतांकडे जाते. सारा खजिना या कामावर खर्ची पडला म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, ही विहीर बांधणाऱ्यांना जमिनीखालच्या पाण्याचा स्वभाव पक्का ठाऊक होता. ते पाणी वाहत असते, आणि त्याला उतार दिला की कोणी न उपसता ते पुढे जाते.

आज बीड जिल्ह्यात भूजलाची चर्चा होते ती खोलीची. बोअरला किती फुटांवर पाणी लागले, यंदा विहीर कोणत्या महिन्यात तळाला गेली, टँकर कधी सुरू झाले, हेच बोलले जाते. हे पाणी जाते कुठे आणि जाताना सोबत काय नेते, हा प्रश्न क्वचितच निघतो. त्याचे उत्तर शोधत गेले तर माणूस थेट आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर पोचतो.

बीडपासून जवळचा समुद्र अरबी. पण जिल्ह्यातला पाण्याचा एक थेंबही उताराने तिकडे जात नाही. बालाघाटच्या डोंगररांगा जिल्ह्याच्या मधून जातात. उत्तरेकडचे पाणी बिंदुसरेतून सिंदफणेत, आणि सिंदफणेतून माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीत. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा दक्षिणेच्या अंगाने लातूर, कर्नाटक असा लांब वळसा घेऊन तेलंगणच्या सीमेवर त्याच गोदावरीला मिळते. आष्टीच्या बाजूचे पाणी सीना, भीमा, कृष्णा असे जाते. रस्ते वेगळे, शेवट एकच: बंगालचा उपसागर. गेवराईच्या राक्षसभुवनाहून निघालेल्या पाण्याला अजून हजार किलोमीटरहून अधिक चालायचे असते.

नदीला पूर येतो तेव्हा पाणी शिवारावरून धावत येते हे सगळ्यांना दिसते. पण पाऊस उघडल्यावर, आश्विन-कार्तिकातही ओढ्यात जी धार असते ती कुठून येते? आभाळातून तर काही येत नसते. ती धार विहिरींच्याच पाण्याची असते. काळ्या मातीतून, मुरमातून, मांजऱ्या खडकाच्या भेगांमधून झिरपलेले पाणी ओढ्याच्या काठाला, तळाला पाझरते आणि नदीचे रूप घेते. भूजलशास्त्रात याला नदीचा मूळ प्रवाह म्हणतात. दख्खनच्या पठारावर पावसाळ्यानंतर नदी जिवंत राहते ती याच पाझरावर, आणि धरणातून पाणी सोडले तर त्यावर.

एकेकाळी गावोगावच्या नद्या माघ-फाल्गुनापर्यंत खळाळत असत असे म्हातारी माणसे सांगतात. ती आठवण उगीच गोड केलेली नाही. जे पाणी ओढ्यात यायचे ते आता त्याआधीच मोटारीने वर खेचले जाते, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

पाण्यात विरघळलेले खत

आता या पाण्यासोबत काय वाहते ते पाहू. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ मध्ये देशाच्या भूजल गुणवत्तेचा वार्षिक अहवाल तयार केला. देशभरातल्या पंधरा हजारांहून अधिक ठिकाणच्या पाण्याची तपासणी त्यासाठी झाली होती. सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या पुढे होते. ज्या जिल्ह्यांत अडचण सर्वांत गंभीर आहे असे पंधरा जिल्हे अहवालाने वेगळे काढले, आणि त्यांतले सात महाराष्ट्रातले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, जळगाव, यवतमाळ आणि बीड.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट किती चालते? भारतीय मानक संस्थेची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५० म्हणते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. फ्लोराइडने दात डागाळतात, क्षाराने पाणी मचूळ लागते, गाळ डोळ्यांना दिसतो. नायट्रेटचे पाणी मात्र काचेसारखे स्वच्छ आणि गोड असू शकते.

हे नायट्रेट येते कुठून याचे उत्तर शेतकऱ्याच्या पडवीत गोण्या रचून ठेवलेले असते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के म्हणजे जवळपास २१ किलो नत्र असते. जमिनीत पडल्यावर युरियाचा आधी अमोनिया होतो आणि मग मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. पिकाची मुळे नत्र घेतात ते मुख्यतः याच रूपात, त्यामुळे यात वाईट काही नाही. घोटाळा असा की मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवत नाहीत. स्फुरद मातीला चिकटते, पालाशही बऱ्यापैकी थांबते. नायट्रेट पाण्यात साखरेसारखे विरघळते आणि पाणी जाईल तिकडे जाते. पिकाने उचलण्याआधी मोठा पाऊस झाला किंवा पाटाने पाणी तुंबवून दिले, की ते मुळांच्या खाली उतरते आणि मग कोणाच्याच हाती लागत नाही.

थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. एका गोणीतल्या सगळ्या नत्राचे नायट्रेट झाले तर ते ९० किलोंच्या वर भरेल. त्यातला फक्त दहावा हिस्सा खाली झिरपला असे धरू. एवढे नऊ किलो नायट्रेट सुमारे दोन लाख लिटर निर्मळ पाण्याला पिण्याच्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. दोन लाख लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. माणशी रोज ५५ लिटर या सरकारी हिशेबाने हजार वस्तीच्या गावाचे साडेतीन-चार दिवसांचे पाणी. आणि ही झाली एक गोणी. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो आणि आडसालीला ४०० किलो नत्राची शिफारस आहे. प्रत्यक्षात शेजाऱ्याने टाकले म्हणून एक गोणी जास्त पडते ती वेगळीच.

सगळा दोष युरियावर ढकलणे मात्र बरोबर होणार नाही. गोठ्यातले मूत्र, विहिरीच्या वरच्या अंगाला असलेला उकिरडा, संडासाचे शोषखड्डे, गावातली उघडी गटारे या सगळ्यांतून नत्रच झिरपते. गावातल्या जुन्या आडात नायट्रेट जास्त निघते ते बहुतेक वेळा या कारणाने. शिवारातल्या विहिरीत खताचा वाटा मोठा असतो. प्रयोगशाळेत नत्राच्या समस्थानिकांवरून हे शेणामुताचे की गोणीचे याचा अंदाज बांधता येतो, पण ती तपासणी महागडी आहे आणि गावपातळीवर कोणी करत नाही.

बीडच्या खडकाचाही यात हात आहे. जिल्हा जवळपास सगळा काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेला आहे. गोदाकाठाला माती खोल आहे. बालाघाटच्या माथ्यावर नांगराचा फाळ मुरमाला लागतो. मुरूम आणि त्याखालचा मांजऱ्या खडक यांत पाणी मावते. त्याखालचा अखंड पाषाण कोरडा, जिथे भेग असेल तिथेच ओला. म्हणजे पाण्याची कोठी उथळ आणि लहान. पावसाचे पाणी काही दिवसांत, काही आठवड्यांत विहिरीत उतरते, आणि शेतात टाकलेलेही तितक्याच लवकर उतरते. वाळूचे जाड थर असलेल्या प्रदेशात पाण्याला खाली जायला जी वर्षे लागतात ती इथे मिळत नाहीत. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरीला नवे पाणी आले म्हणून आनंद होतो, पण उन्हाळाभर मातीत साठलेले नायट्रेट धुऊन आणणारे पाणीही तेच असते.

ओठ निळे पडतात तेव्हा

१९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी दोन तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. मुले निळी पडत होती. हृदयात दोष नव्हता, फुप्फुसे ठीक होती. दोघांच्याही दुधाची पावडर घरच्या विहिरीच्या पाण्यात कालवली जात होती आणि त्या विहिरींत नायट्रेट भरपूर होते. पाणी बदलल्यावर मुले सुधारली. तेव्हापासून हा आजार ‘ब्लू बेबी’ नावाने ओळखला जातो. पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा ठरवताना मुख्य आधार याच आजाराचा घेतला गेला.

घडते ते असे. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते आणि ते हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते. याला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. मोठ्या माणसाच्या रक्तात ते पुन्हा मूळ रूपात आणणारे विकर पुरेसे असते. पहिल्या काही महिन्यांच्या बाळात ते कमी असते, शिवाय पोटातली आम्लता कमी असल्याने नायट्राइट करणारे जिवाणू वरच्या आतड्यातही वाढतात. त्यातून बाळ वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या तिप्पट-चौपट पाणी घेते. जुलाब चालू असतील तर धोका आणखी वाढतो. काही संशोधकांच्या मते तर दूषित पाण्याने होणाऱ्या जुलाबांचा यातला वाटा नायट्रेटइतकाच मोठा आहे.

सावळ्या कातडीवर निळेपणा चटकन दिसत नाही. ओठ, हिरड्या, नखांखालची जागा पाहावी लागते. बाळ सुस्त पडते, दूध ओढत नाही, धापा टाकते. रक्त काढले तर ते तांबड्याऐवजी चॉकलेटी दिसते आणि प्राणवायू लावूनही फारसा फरक पडत नाही. वेळेत ओळखले तर यावर औषध आहे, मिथिलीन ब्लू. पण ते रुग्णालयातच देता येते.

यातली दिलाशाची बाब म्हणजे आईच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही. आई त्याच विहिरीचे पाणी पीत असली तरी फक्त अंगावर पिणारे बाळ बहुतांशी सुरक्षित असते. पहिले सहा महिने वरचे पाणीसुद्धा देऊ नये या सल्ल्याला बीडसारख्या जिल्ह्यात असे एक जादा कारण आहे. घुटी, साखरपाणी, मधाचे बोट या जुन्या सवयींत पाणी कोणत्या विहिरीचे हे कोणी विचारत नाही.

मोठ्या माणसांबाबत चित्र इतके स्पष्ट नाही. शरीरात नायट्रोसो संयुगे तयार होतील अशा परिस्थितीत पोटात जाणारे नायट्रेट किंवा नायट्राइट माणसात बहुधा कर्करोगकारक आहे, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये केले. तरी पालेभाज्यांतही नायट्रेट भरपूर असते आणि भाज्या खाणाऱ्यांना तो त्रास दिसत नाही, कारण भाजीतले क जीवनसत्त्व ती संयुगे होऊ देत नाही. म्हणून एका वर्षाच्या अहवालाने धास्तावून जावे असे नाही. गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले असलेल्या घरांनी मात्र हे मनावर घ्यावे.

घरात एक चूक हमखास होते. संशयाचे पाणी उकळले जाते. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. तुरटी, टीसीएल पावडर, कापडाची गाळणी यांचाही नायट्रेटवर परिणाम होत नाही. आरओ यंत्राने ते बरेच कमी होते, पण यंत्रातून जे नको असलेले पाणी बाहेर पडते त्यात ते दाट होऊन बसते. ते पाणी गटारात आणि गटारातून पुन्हा जमिनीत जाते. जारचे पाणी विकत घेणाऱ्या गावांनीही ते कोणत्या बोअरचे आणि पडदा कधी बदलला हे विचारायला हरकत नाही.

समुद्राच्या पोटातले गोडे पाणी

नदीत पाझरलेले नायट्रेट पुढे जाते. वाटेत विष्णुपुरीसारखे बंधारे, श्रीरामसागरसारखी धरणे येतात. तिथे शेवाळ आणि जलपर्णी त्यातले काही खातात, तळाच्या गाळातले जिवाणू काहीचा वायू करून हवेत सोडतात. उरलेले राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला पोचते, जिथून गोदावरीच्या गौतमी आणि वसिष्ठा या शाखा फुटतात. बहुतेक सगळा ऐवज पावसाळ्याच्या चार महिन्यांत समुद्रात पडतो.

पण समुद्राला जमिनीकडून जे मिळते ते सगळे नदीच्या मुखातूनच मिळते का? बराच काळ शास्त्रज्ञ तसेच धरून चालत होते. मोजायला सोपी तीच वाट होती. खरे तर समुद्राच्या तळातून गोडे पाणी वर येते हे माणसाला फार जुने ठाऊक आहे. सीरियाच्या किनाऱ्यासमोरच्या एका बेटावरचे लोक समुद्रात शिशाचे नरसाळे आणि कातड्याची नळी सोडून तळाच्या झऱ्याचे पाणी काढत, असे स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी लिहिले आहे. बहारीनचे पाणबुडे पखाली घेऊन तळाशी जात. आपल्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्यात, चहूबाजूंनी खारा समुद्र असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. चमत्काराची गरज नाही. पावसाचे गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने बेटाच्या खडकात त्याच्यावर भिंगासारखे तरंगते आणि कडांनी हळूहळू समुद्रात झिरपत राहते. किनाऱ्यावरच्या सगळ्याच जमिनीत असा पाझर कमी-अधिक चालू असतो.

हा पाझर मोजणे अवघड होते, कारण तो झऱ्यासारखा एका जागी फुटत नाही. मैलोन्‌मैल वाळूतून, चिखलातून घामासारखा येतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या रॉबर्ट जोहान्स यांनी १९८० मध्ये लिहिले की या पाण्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण त्यात नत्र भरपूर असते. १९९६ मध्ये अमेरिकेच्या विलार्ड मूर यांनी रेडियमची युक्ती वापरली. खडकात रेडियम सूक्ष्म प्रमाणात असतेच. गोड्या पाण्यात ते मातीच्या कणांना चिकटून राहते, खारे पाणी लागले की सुटते. म्हणून किनाऱ्याजवळच्या समुद्रात रेडियम जास्त सापडले तर ते जमिनीखालून आले असे समजावे. त्याचे काही प्रकार चार दिवसांत निम्मे होतात, काही अकरा दिवसांत, काही सोळाशे वर्षांत. त्यामुळे पाणी किती दिवसांपूर्वी जमिनीतून सुटले याचे घड्याळही आपोआप मिळते. मूर यांना अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर जमिनीखालून येणारे पाणी तिथल्या नद्यांच्या प्रवाहाच्या सुमारे ४० टक्के भरले. एवढा मोठा आकडा कोणाच्याच मनात नव्हता. यात एक खुलासा हवा. हे सगळे पाणी गोडे नव्हते. भरतीच्या वेळी किनाऱ्यात मुरून ओहोटीला परत येणारे खारे पाणीही त्यात होते, आणि येताना तेही जमिनीतले नत्र-स्फुरद घेऊनच येते.

हीच रेडियमची पद्धत गोदावरीच्या मुखाशीही वापरली गेली आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे आर. रंगराजन आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्रातले व्ही. व्ही. एस. एस. शर्मा यांनी गोदावरीच्या खाडीत समुद्राकडे झिरपणारे भूजल आणि त्यातून येणारी पोषकद्रव्ये यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. हे पाणी अर्थातच बीडचे नव्हे. बीडच्या खडकातले पाणी जमिनीखालून हजार किलोमीटर जात नाही, ते वाटेत नदीत येते. मुखाशी झिरपते ते त्रिभुज प्रदेशातल्या भातशेतांखालचे, वस्त्यांखालचे पाणी. म्हणजे गोदावरीच्या दोन टोकांना एकच गोष्ट चालू आहे. वरच्या टोकाला विहीर नदीला नत्र देते, खालच्या टोकाला जमीन थेट समुद्राला देते.

समुद्राला हे नको असते असे मुळीच नाही. बंगालच्या उपसागरावर पावसाळ्यात नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर पसरतो. तो हलका असल्याने वरच राहतो आणि खालचे पोषक पाणी वर येऊ देत नाही. त्यामुळे हा समुद्र अरबी समुद्राच्या मानाने उपाशी. जमिनीकडून येणाऱ्या खुराकाची किंमत किनाऱ्यालगत म्हणूनच मोठी. नत्र-स्फुरदावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर प्राणिप्लवक, त्यांच्यावर मासे. डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पतींना तर आणखी एक पदार्थ लागतो: सिलिका. त्या आपले कवच काचेसारख्या सिलिकाचे बनवतात. ही सिलिका खडक झिजून येते, आणि काळा पाषाण झिजण्यात ग्रॅनाइटच्या पुष्कळ पुढे आहे. बालाघाटच्या मुरमातून विरघळलेली सिलिका विहिरीच्या पाण्यात असते, नदीत असते आणि शेवटी गोदावरीच्या मुखाशी डायटमच्या कवचात जाऊन बसते. पावसाळ्यात समुद्रातून गोदावरीत चढणारा पुलस मासा, म्हणजे बंगाल्यांचा हिल्सा, याच प्लवकांवर पोसतो. आंध्रात त्याला हजारो रुपये मोजतात.

बिघडते ते प्रमाणात. खतांमुळे नत्र वाढत गेले; सिलिका मात्र वाढली नाही, उलट धरणांच्या गाळात अडकून कमी झाली. डायटमना अनुकूल असलेला तोल ढळला की दुसऱ्या, कधी विषारी जातींचे शेवाळ माजते. ते मरून तळाशी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये भारताच्या पश्चिम किनाऱ्याबद्दल असाच इशारा दिला होता: उथळ समुद्रात प्राणवायू घटतो आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हवामान तापवणारा वायू मोठ्या प्रमाणात सुटतो आहे. बंगालच्या उपसागराच्या मधल्या खोलीत प्राणवायू इतका कमी आहे की साधी उपकरणे शून्यच दाखवतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथे प्राणवायूचे अगदी नाममात्र अंश सापडले, आणि एवढ्याशा अंशामुळेच तिथली नत्राची रासायनिक घडी अजून विस्कटलेली नाही असे दिसले. आणखी नत्र आले, आणखी कुजले, तर ते अंशही संपू शकतात.

फिरत राहणारे पाणी

बीडच्या बाबतीत मात्र या प्रवासाला एक वेगळेच वळण लागले आहे. समुद्रापर्यंत जायला नदी वाहावी लागते. वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातही खंड, आणि जमिनीत मुरलेले बहुतेक पाणी मोटारीने वर. विहिरीची पातळी ओढ्याच्या तळाच्या खाली गेली की पाझर थांबतो. नायट्रेट मग बाहेर पडत नाही. तेच पाणी विहिरीतून शेतात जाते, पीक आणि ऊन पाणी उडवून नेतात, नायट्रेट व क्षार मागे राहतात, नव्या गोणीची भर पडते, आणि पुढच्या पाळीला सगळे पुन्हा विहिरीत उतरते. दर फेरीला थोडे दाट होऊन. समुद्राला जायचे ते शिवारातच घिरट्या घालते. उन्हाळ्यात टंचाई जाहीर झाल्यावर प्रशासन ज्या खासगी विहिरी आणि बोअर अधिग्रहित करते त्या अशाच बागायती शिवारातल्या असतात, आणि तिथूनच गावाला पिण्याचे पाणी मिळते.

यातून एक सरळ फायदाही निघतो, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे १० मिलिग्रॅम नत्र. अशा विहिरीचे हंगामभरात एकूण ६० सेंटिमीटर पाणी पिकाला दिले तर एकरी २४ किलोंच्या आसपास नत्र पाण्यातूनच पडते. युरियाची एक गोणी भरून वर थोडे. पाण्यात नायट्रेट दुप्पट असेल तर दोन गोण्या. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर जमिनीतल्या नत्राची नोंद असते, विहिरीतल्या नत्राची नसते. ती धरली तर खत कमी टाकूनही उत्पन्न तेच येते, आणि पीक विहिरीतले नायट्रेट उचलून पाणी थोडे स्वच्छही करते. ठिबकमधून युरिया थोडा थोडा देणे, मोठ्या पावसाचा अंदाज असताना गोणी न फोडणे, हे कृषी विद्यापीठे पूर्वीपासून सांगत आली आहेत.

विहीर-बोअर पुनर्भरणाच्या उत्साहात मात्र थोडे थबकायला हवे. छपराचे पाणी बोअरमध्ये सोडणे उत्तम, त्याने नायट्रेट पातळ होते. शेतातून वाहून आलेले पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून थेट बोअरमध्ये सोडले तर गाळ अडतो, नायट्रेट अडत नाही. ते मातीला वळसा घालून सरळ कोठीत जाते. शेततळ्यात किंवा बांधाला अडवून मुरू दिलेले बरे.

विहिरीचे पाणी तपासणे आता अवघड राहिलेले नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण द्यायचे असते आणि त्या संचात नायट्रेटची चाचणी असते. नळी रंग बदलते आणि काही मिनिटांत अंदाज येतो. तपासणी एकदा करून भागत नाही. पावसाआधी आणि पावसानंतर, दोनदा हवी.

पावसानंतरची तपासणी ऑक्टोबरात येते. भूजल यंत्रणेची माणसे निरीक्षण विहिरींत टेप सोडून पातळी मोजतात तीही त्याच महिन्यात. आणि त्याच सुमारास बीडमधून ऊसतोडीला निघालेल्या गाड्या भरू लागतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारी कोप्या पडतात. अंगावरच्या बाळाला सोबत घेऊन आई पहाटे फडात जाते. दिवसभर दूध पाजायला सवड मिळत नाही, तेव्हा बाळाला वरचे दूध सुरू होते. ते कालवायला पाणी येते फडाच्या विहिरीतून, जिथे हेक्टरी अडीचशे ते चारशे किलो नत्र पडलेले असते. त्या विहिरीची तपासणी कोणत्या गावाच्या यादीत आहे, फडाच्या की बीडच्या, हे अजून ठरायचे आहे.